पोपटी : पेण-रोह्याच्या शेतातून शहराच्या ओट्यावर

भात कापून, झोडून घरात आले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि रात्री अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली, की रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस येतात. पेण, रोहा, अलिबाग, माणगाव या तालुक्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात संध्याकाळनंतर शेताच्या कडेला जाळ दिसला, तर तो बहुधा शेकोटीचा नसतो. जाळाच्या मधोमध एक मडके उपडे ठेवलेले असते. त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि कोंबडीचे तुकडे शिजत असतात. पाणी नाही, तेल नाही, फोडणी नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडके उघडते आणि सारी मंडळी हाताने शेंगा सोलत बसतात.

मुंबई, ठाणे, पुण्यात स्थायिक झालेल्या रायगडकरांना थंडीत या चवीची आठवण हटकून होते. मात्र शहरात शेत नाही, पेंढा नाही आणि इमारतीच्या गच्चीवर जाळ करण्याची सोय नाही. बार्बेक्यू हा शब्द गेल्या काही दशकांत शहरी खवय्यांच्या परिचयाचा झाला आहे; पण धुरावर मांस शिजवण्याची पेटी घरोघर असण्याची शक्यता नाही. अशा वेळी घरच्या गॅसवर किंवा ओव्हनमध्ये पोपटी होऊ शकते का, आणि बार्बेक्यूसारखी हाडापासून सुटणारी बरगडी करता येते का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. त्यासाठी शेतातल्या मडक्यात नेमके काय घडते, हे आधी समजून घ्यायला हवे.

एका शेताची बेरीज

पोपटीला लागणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस एकाच शिवारातून येतो. कोकणात भाताच्या कापणीनंतर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल, चवळी, हरभरा ही कडधान्ये घेतली जातात. यातील वाल रायगडचा विशेष लाडका. कोवळा असताना शेंग, भरल्यावर पोपटी आणि वाळल्यावर मोड आणून, सोलून केलेले बिरडे, असा त्याचा प्रवास असतो. समुद्राच्या भरतीला बांध घालून राखलेल्या खारेपाटातील जमिनी प्रामुख्याने भाताच्या. वालाला गोडी जमीन लागते. त्यामुळे पेण तालुक्यातच एका बाजूला नुसते भात आणि मिठागरे, तर दुसऱ्या बाजूला थंडीतले वालाचे हिरवे मळे, असे चित्र दिसते.

शेंगा वालाच्या मळ्यातल्या, जाळाला पेंढा नुकत्याच झोडलेल्या भाताचा, काटक्या बांधावरच्या, खडे मीठ मिठागरातले आणि मडके गावच्या कुंभाराकडचे. राहिला पाला. तोही कोणी पेरत नाही. भात निघाल्यावर मोकळ्या शेतात आणि बांधावर आपसूक उगवणारी भांबुर्डा ही उग्र वासाची लहानशी वनस्पती त्यासाठी उपटून आणली जाते. तिला काही गावांत भामरुड असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ब्लुमिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रजातीतील ही वनस्पती आहे. पानांवर बारीक लव असते आणि ती चुरगळली, की कापराची आठवण करून देणारा वास येतो. एरवी तण म्हणून उपटून टाकली जाणारी ही वनस्पती पोपटीचा आत्मा मानली जाते. हा पाला नसेल, तर शेंगा शिजतात, पण त्यांना कोणी पोपटी म्हणत नाही.

मडके उपडे का ठेवतात?

मडके भरण्याची रीत साधारण सगळीकडे सारखी आहे. तळाशी भांबुर्ड्याचा थर, त्यावर खडे मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, रताळी किंवा कोनफळाचे तुकडे आणि सालीसकट अंडी. कोंबडीचे तुकडे आले-लसूण, हिरवी मिरची, हळद व मीठ लावून मुरवले जातात आणि केळीच्या पानात गुंडाळून शेंगांच्या पोटात ठेवले जातात. पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. मडके उपडे केले तरी आतला जिन्नस हलता कामा नये, इतका तो घट्ट असावा लागतो. मग साफ केलेल्या जमिनीवर मडके पालथे ठेवून भोवती आणि वर पेंढा, काटक्या, शेणी रचून जाळ केला जातो.

मडके पालथे घालण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि त्याला भौतिकशास्त्राचा आधारही आहे. शेंगा आणि पाला यांच्यातील ओलाव्याची वाफ होते. वाफ वर चढते. मडके सरळ असते, तर ती तोंडातून निसटली असती. उपड्या मडक्यात वरच्या बाजूला भाजलेल्या मातीचा घुमट असतो, त्यामुळे वाफ तिथेच कोंडून राहते. मडक्याचे तोंड जमिनीला टेकलेले असल्याने तो भाग सर्वांत थंड राहतो आणि तिथला पाला जळत नाही. जाळ चहूबाजूंनी लागतो, राख व धूर थेट आत जात नाही आणि सुटणारा रस खालच्या पाल्यात उतरतो. म्हणजे पोपटी ही खऱ्या अर्थाने भाजलेली नसते. ती सुगंधी पाल्याच्या वाफेत, कोरड्या तापलेल्या भिंतींच्या आत शिजलेली असते.

पोपटी झाली की नाही, हे पाहण्याची परीक्षाही साधी आहे. तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. ते चर्रकन आवाज होऊन क्षणात उडाले, की जाळ बाजूला सारायचा.

उपड्या मडक्याची ही कल्पना रायगडपुरती मर्यादित नाही. गुजरातेतील उंधियुचे नावच ‘उंधु’, म्हणजे उलटे, या शब्दावरून आले आहे. वलसाड-नवसारी भागात उबाडियुं या नावाने पापडी आणि कंद पाल्यासह मडक्यात शिजवून हिवाळ्यात विकले जातात. ते पोपटीचे सख्खे भावंडच म्हणावे लागेल. न्यूझीलंडमधील माओरींचे हांगी, हवाई बेटांवरील इमू आणि पेरूमधील पाचामांका या पद्धतींत मडक्याऐवजी जमिनीतला खड्डा आणि तापलेले दगड असतात. मात्र पाल्यात गुंडाळणे, वाफ कोंडणे आणि घाई न करणे ही सूत्रे सर्वत्र तीच आहेत.

बरगडी चिवट का राहते?

पोपटीत कोंबडी आणि अंडी घालतात, मटण सहसा घालत नाहीत. त्यामागे चवीपेक्षा वेळेचे कारण अधिक आहे. बोकडाच्या बरगड्यांभोवतीच्या मांसात कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे पडदे भरपूर असतात. मांस साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की हे कोलॅजेन आक्रसते आणि स्नायूंतील रस पिळून काढते. याच टप्प्यावर मांस खाल्ले, तर ते वातड लागते. पुढे ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास ओलाव्यात बराच वेळ ठेवले, तर हेच कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि मांस मऊ, रसरशीत होऊन हाडापासून सुटू लागते. शेतातला पेंढ्याचा जाळ अर्ध्या-पाऊण तासात विझतो. कोंबडीला तेवढा वेळ पुरतो. बरगडीला पुरत नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील बार्बेक्यूमध्ये हीच अडचण वेळ देऊन सोडवली आहे. तिथे बरगड्या साधारण ११० अंशांच्या मंद उष्णतेत, लाकडाच्या धुरात चार-पाच तास ठेवतात. निखाऱ्यावर झटपट भाजणे म्हणजे ग्रिल. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणे म्हणजे बार्बेक्यू. आपल्याकडे या दोहोंची बरेचदा गल्लत होते. मांस मऊ करण्याचे काम धूर करत नाही, हे यातून लक्षात घेण्याजोगे आहे. धूर वास देतो, रंग देतो. मऊपणा येतो तो मंद आच, कोंडलेला ओलावा आणि वेळ यांच्यामुळे. या तिन्ही गोष्टी शहरातल्या स्वयंपाकघरात उपलब्ध असतात. किंबहुना बरगडीच्या बाबतीत घरचा ओव्हन शेतावरच्या मडक्यापेक्षा सरस ठरतो.

घरच्या गॅसवरची पोपटी

चार जणांसाठी वालाच्या भरलेल्या शेंगा एक किलो, लहान बटाटे चार, रताळी दोन, अंडी चार आणि हाडासकट कोंबडीचे तुकडे अर्धा किलो घ्यावेत. शेंगा कोवळ्या चपट्या नकोत. हाताला दाणा लागायला हवा, पण साल हिरवी असावी. शेंगा धुऊन निथळाव्यात आणि त्यांना दोन चमचे खडे मीठ व दोन चमचे ओवा हाताने चोळून लावावा. कोंबडीला दोन मोठे चमचे आले-लसूण-मिरची-कोथिंबिरीचे वाटण, अर्धा चमचा हळद, एका लिंबाचा रस आणि चवीपुरते मीठ लावून फ्रीजमध्ये किमान दोन तास मुरू द्यावे. नंतर केळीच्या पानाचे तुकडे आचेवर धरून मऊ करावेत व त्यात दोन-दोन तुकड्यांच्या पुड्या बांधाव्यात.

जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे मोठे पातेले घ्यावे. गॅसवर उष्णता फक्त खालून मिळते, त्यामुळे भांडे उपडे ठेवण्यात अर्थ नाही. वाफ कोंडण्याचे काम झाकणाने करायचे असते. तळाशी पाल्याचा दोन बोटे जाड थर द्यावा व त्यावर अर्धी वाटी पाणी शिंपडावे. शेतात पाण्याची गरज नसते. पण घरी खालचा पाला लवकर करपतो, म्हणून एवढी सवलत घ्यावी. वर बटाटे, रताळी, शेंगा, कोंबडीच्या पुड्या, अंडी आणि पुन्हा शेंगा असे थर रचून पाल्याने झाकावे. झाकणाच्या कडेला भिजवलेल्या कणकेची वळी लावली, की भांडे दमासारखे बंद होते. दहा मिनिटे मध्यम आच, नंतर तवा खाली सरकवून मंद आचेवर चाळीस मिनिटे आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे तसेच झाकून ठेवणे, एवढा वेळ पुरतो. कोंबडीचा जाड तुकडा हाडापाशी कापून पाहावा. आत गुलाबी दिसल्यास पुडी पुन्हा दहा मिनिटे वाफवावी.

मातीचेच भांडे वापरायचे असेल, तर ते आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवावे, तव्यावर ठेवून अगदी मंद आचेपासून सुरुवात करावी आणि तापलेल्या भांड्यावर थंड पाणी घालू नये. अन्यथा ते तडकते. शोभेसाठी रंगवलेले मडके स्वयंपाकाला वापरू नये. मायक्रोवेव्हमध्ये सालीसकट अंडी ठेवणे धोकादायक असते, ती फुटतात.

पाल्याचे काय करायचे? हिवाळ्यात पेण-वडखळच्या बाजूने किंवा रोह्याकडून येणाऱ्या कोणाला सांगून ताजा भांबुर्डा आणता आला, तर उत्तमच. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. शहरातील रस्त्याकडेचा, ओळख न पटलेला पाला मात्र केवळ वास सारखा वाटतो म्हणून वापरू नये. पर्याय म्हणून केळीचे पान आणि त्यासोबत कुंडीतील ओव्याची जाड पाने वापरता येतात. त्यांनी शेंगांना चांगला वास येतो, पण भांबुर्ड्याचा येत नाही. या एका जिनसाला शहरात पर्याय नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

हाडापासून सुटणारी बरगडी

याच मसाल्यात बरगड्याही उत्तम होतात. त्यासाठी मटणवाल्याकडून कोवळ्या बोकडाच्या बरगड्यांचा एक किलोचा सलग तुकडा घ्यावा आणि आतल्या बाजूचा पातळ पडदा काढून टाकण्यास सांगावे. तो राहिला, तर मसाला आत शिरत नाही आणि शिजल्यावर तो कागदासारखा दाताखाली येतो. दोन चमचे मीठ, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, चार-पाच हिरव्या मिरच्या वाटून, एक चमचा भरडलेला ओवा, अर्धा चमचा हळद आणि अर्धी वाटी घट्ट दही असे सर्व लावून बरगड्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी त्या केळीच्या पानात गुंडाळून वरून अॅल्युमिनियमच्या फॉइलचे दोन थर घट्ट लावावेत. पान वासासाठी आणि फॉइल वाफेसाठी. १५० अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ही पुडी दोन ते अडीच तास ठेवावी. हाडाच्या टोकापासून मांस बोटाच्या पेराइतके मागे सरकले आणि सुरी विनासायास आत गेली, की बरगडी झाली असे समजावे. घड्याळापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवणे अधिक योग्य. त्यानंतर पुडी उघडून, सुटलेला रस वाटीत काढून आटवावा, बरगड्यांवर लावावा आणि २२० अंशांवर आठ-दहा मिनिटे वरून खरपूस होऊ द्याव्यात.

ओव्हन नसल्यास कणकेने बंद केलेल्या जाड पातेल्यात, खाली तवा ठेवून, अर्धी वाटी पाणी घालून दीड ते दोन तास अगदी मंद आच द्यावी. घाई असेल, तर प्रेशर कुकर आहेच. कुकरमधील तापमान शंभर अंशांच्या पुढे जात असल्याने कोलॅजेन लवकर विरघळते. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. मात्र कुकरात पाणी थोडेच घालावे व वाफ आपोआप जिरू द्यावी. नंतर बरगड्या तापलेल्या तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी परताव्यात. कोणत्याही पद्धतीने केल्या, तरी ताटात वाढण्यापूर्वी दहा मिनिटे झाकून ठेवाव्यात.

धुराचा वास आणि धुराची जोखीम

राहता राहिला धूर. लाकूड जळताना त्यातील लिग्निन या घटकाचे विघटन होऊन जी सुगंधी द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे धुरकट चव येते. ती मांसाच्या पृष्ठभागावर बसते, म्हणून पदार्थ शिजल्यावर थोडा वेळ धुरी दिली तरी चालते. लोणारी कोळशाचा एक तुकडा लालबुंद करावा, लहान वाटीत ठेवून ती वाटी बरगड्यांच्या मधोमध ठेवावी, कोळशावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि लगेच झाकण घालावे. तीन ते पाच मिनिटे पुरेशी होतात. त्याहून अधिक धुरी दिल्यास चव कडवट होते. दगडी कोळसा किंवा रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या लाकडाचे तुकडे या कामी कधीही वापरू नयेत.

धुरी देताना खिडक्या उघड्या हव्यात आणि काम झाल्यावर कोळसा पाण्यात बुडवून विझवायला हवा. शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले बंद खोलीत, बंद बाल्कनीत ठेवणे जिवावर बेतू शकते. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. शेतात जो जाळ निर्धास्तपणे करता येतो, त्याची नक्कल सदनिकेत करण्याचा मोह म्हणूनच टाळायला हवा.

ओट्यावर न येणारी गोष्ट

अशा प्रकारे पोपटीची बहुतेक करामत शहरात आणता येते. कोंडलेली वाफ आणता येते, मंद आच आणता येते, कोळशाच्या एका तुकड्यातून धुराचा भासही आणता येतो. आणता येत नाही तो पाला आणि त्याला उगवू देणारे शेत. वालाची शेती पावसानंतरच्या ओलाव्यावर उभी असते आणि भांबुर्डा पेरावा लागत नाही; पण दोघांनाही भात निघाल्यावर मोकळी राहणारी जमीन लागते.

ही जमीन झपाट्याने बदलते आहे. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहून अनेक वर्षे झाली. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात शेतांच्या जागी भूखंडांच्या पाट्या दिसतात. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याच्या प्रश्नावर पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. तो प्रकल्प पुढे बारगळला. जमिनीवरचा ताण मात्र संपला नाही. दुसरीकडे पोपटीची मागणी वाढते आहे. थंडीत पर्यटकांसाठी पोपटीच्या रात्री भरवल्या जातात आणि ज्या तणाला कोणी विचारत नव्हते, तो पाला मागवून घ्यावा लागतो.

म्हणून घरी पोपटी करणाऱ्या शहरवासीयांनी एवढे तरी करावे : शेंगा घेताना रायगडचा वाल विचारून घ्यावा आणि थंडीत एकदा तरी गावाकडच्या शेतावर जाऊन मूळ पोपटी चाखावी. घरच्या पातेल्यात काय साधले आणि काय राहून गेले, हे त्याशिवाय कळत नाही. मडके उघडताक्षणी वाफेबरोबर जो पहिला वास येतो, तो ओळखीचा असेल तरच पुढच्या पिढीला त्याची उणीव जाणवेल. आणि उणीव जाणवली, तरच बांधावरचा भांबुर्डा आणि शेतातला वाल टिकावा, असे कोणाला वाटेल.